गोगलगायी तोंड लावणार नाहीत अशी फुलं

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, मामंजी ठणठणीत आहेत. कालच त्यांनी भाजीवाल्याचा तराजू तपासायला मागितला. वजनमापे खातं सोडून इतकी वर्षं झाली, पण खात्यानं त्यांना सोडलेलं नाही. भाजीवाला हल्ली आपल्या दारावरून तोंड मिटून जातो.

फोनवर हे बोलता येत नाही. फोन तुमच्या बाबांच्या खुर्चीच्या हाताशी आणि खुर्ची खिडकीत. तुम्ही म्हणालात तसं ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय.

मी ज्या कारखान्यात चष्म्याची भिंगं घासते, त्यांची नवी शाखा निघतेय, बसनं पाच-सहा तासांवरच्या गावात. मालक म्हणाले, तिथली मुख्य कारागीर तू. वर राहायला एक खोली. हे गेल्यापासून मला कुणी काही विचारलंय असं पहिल्यांदाच घडलं. पण मामंजी पायरीवर पडल्यापासून त्यांना रात्रीचं एकटं ठेवता येत नाही, आणि त्या खोलीत यायचं नाव काढलं तर म्हणाले, "सुनेच्या मालकाच्या माळ्यावर? मी?"

गेल्या वर्षी तुम्ही आला होतात तेव्हा म्हणालात ना, "बाबा, माझ्याकडे या की, एक खोली रिकामीच असते." त्याची मी त्यांना आठवण करून दिली. मग म्हणाले, "जाईन. पण तुझ्या सासूचा वाफा फुललेला बघून जाईन. बायको गेली आणि दारात माती उरली, असं मागे टाकून मी जायचा नाही."

मी मनात म्हटलं, एवढंच ना. रोपं आणून लावली, तर सकाळी नुसत्या काड्या. मातीवर चकचकीत माग. शंख नसलेल्या त्या राखाडी गोगलगायी, बोटाएवढ्या, सगळं फस्त करून दगडाखाली झोपायला गेलेल्या.

सासूबाईंना मी पाहिलं नाही, पण त्यांचा वाफा गच्च फुललेला असायचा असं सगळे सांगतात. तुम्ही या घरात वाढलात. गोगलगायी तोंड लावणार नाहीत अशी हंगामी फुलझाडं कोणती, तेवढं कळवा. मालक मेअखेरपर्यंत थांबणार आहेत.

तुमची,
वहिनी


१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

अगं, गोगलगायींसाठी पत्र? मला वाटलं काय आभाळ कोसळलं.

तुझ्या नोकरीचं वाचून आनंद झाला. दादा असता तर त्यानं पेढे वाटले असते आणि निम्मे वाटेत स्वतःच खाल्ले असते. घाई मात्र करू नकोस. नवी शाखा म्हणजे नव्या नवरीसारखं, पहिले चार महिने सगळं गोड दिसतं.

त्या वाफ्याची काय सांगू तुला. दिवे लागायच्या सुमाराला आई आम्हा दोघांना मिठाच्या पाण्याचा डबा देऊन पाठवायची, गोगलगायी वेचायला. दादा कुंपणावरून पसार, आणि मी वाकून वेचतेय. माझ्या बोटांना तो चिकटपणा अजून आठवतो.

तू झेंडू लाव. उग्र वास असतो, मुंगीसुद्धा फिरकत नाही. दाट लाव, म्हणजे पटकन भरल्यासारखं दिसेल. आणि बाबांचं पथ्य सांभाळ, ते लोणच्याची बरणी शोधून काढतात.

तुझी,
वन्सं


९ मार्च

प्रिय वन्सं,

झेंडू गेला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे दाट लावला होता. पहिल्या दिवशी पानांना भोकं, दुसऱ्या दिवशी शेंडे गायब, आठवडाभरात वाफा पुन्हा टक्कल. मुंगी खरंच फिरकली नाही. तिला जागाच उरली नसेल.

मामंजी खिडकीतून बघतात आणि काहीच म्हणत नाहीत. एरवी पाव किलो भाजीत पाच ग्रॅम कमी भरले तर दिवसभर पुरतं त्यांना, पण वाफ्याबद्दल अवाक्षर नाही. त्याचंच मला जास्त ओझं होतं.

तुम्हाला म्हणून सांगते. गेटची कडी वाजली की आतून, "कोण? तूच ना? कुठे निघालीस?" टपाल टाकायला निघाले तरी तेच. कामावरून यायला उशीर झाला तर ते जेवत नाहीत. रागावतही नाहीत, नुसते जेवत नाहीत, ताटावर ताट झाकून ठेवतात. मग मीच धावत येते. कारखान्यातल्या बायका हसतात, म्हणतात तुला घरी तान्हं बाळ आहे का. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं, वन्सं. उपाशी माणसाशी कसं भांडायचं?

दुसरं काही सुचवा. लवकर.

तुमची,
वहिनी


१८ मार्च

प्रिय वहिनी,

झेंडूनं दगा दिला म्हणायचा. तुमच्याकडच्या गोगलगायी सुधारलेल्या दिसतात.

आता पिटुनिया लाव. त्याचं पान चिकट असतं, हात लावून बघ. चिकटावर त्यांचं पोट अडकतं म्हणून त्या जात नाहीत. पाणी संध्याकाळी घाल, सकाळचं उन्हात उडून जातं. आणि रोपांच्या मध्ये जुन्या फळ्या अंथर, कोळशाच्या खोलीत आहेत बघ. ओल टिकते.

बाबांचं जेवणाचं नाटक जुनं आहे. आईलाही ते तसंच करायचे. तू खुशाल जेवून घेत जा, भूक लागली की येतात पानावर.

माझ्याकडे सगळं ठीक. ऑफिसात कामाचा डोंगर आहे, म्हणून पत्र छोटं.

तुझी,
वन्सं


१४ एप्रिल

प्रिय वन्सं,

पिटुनिया गेले. फळ्या उचलल्या तर खाली गोगलगायींचं संमेलन भरलेलं. संध्याकाळी मी पाणी घालायचं आणि त्यांनी पान मांडून बसायचं, असं चाललं होतं. मी त्या वाफ्यासमोर बसून रडले. गोगलगायींसाठी रडायचं वय नाही माझं, पण रडले. मान वर केली तर मामंजी खिडकीत. त्यांनी तोंड फिरवलं.

आता सरळच विचारते, राग मानू नका. वाफा राहू दे. मालकांनी परवा पुन्हा विचारलं. मेअखेरीला होकार दिला नाही तर ते दुसरं माणूस बघतील. मी बत्तीस वर्षांची आहे. सकाळी भाकऱ्या, दिवसभर काचेची धूळ, संध्याकाळी झाकलेलं ताट. माझं कुणी वाईट करत नाही, पण मला इथून हलताही येत नाही. कधी कधी बसथांब्यावर उभी असते, समोरून बस निघून जाते आणि मला कळतच नाही की ती माझीच होती.

तुम्ही एकदा बाबांना स्वतःहून लिहा ना, की फुलं असोत-नसोत, तुम्ही या. तुमच्या शब्दापुढे ते नाही म्हणणार नाहीत. लिहाल?

तुमची,
वहिनी


२४ एप्रिल

प्रिय वहिनी,

पार्सलनं डेलियाचे कंद पाठवतेय. आईच्या वेळी डेलिया ताटाएवढा फुलायचा. त्याच्या पानाला कडवट चव असते, गोगलगायी हुंगून परत जातात. या खेपेला नक्की जमेल.

बाबांना मी काय लिहिणार? हट्टी माणसाला आग्रह केला की तो दुप्पट हट्टी होतो. त्यांनी वाफा म्हटलंय ना, मग वाफाच करून दाखवूया. रडत बसू नकोस, डोळ्यांचं काम तुझं.

तुझी,
वन्सं


१६ मे

वन्सं,

डेलियाचा एकच कंद लावला, कोपऱ्यात. मुद्दाम. कोंब वर आला त्याच दिवशी त्याचा निकाल लागला. बाकीचे कंद तुमच्यासाठी जपून ठेवलेत.

का ते सांगते. तुमचं पार्सल उघडत होते तेव्हा मामंजी म्हणाले, "डेलिया? आणि त्याआधी झेंडू. त्या दोन्हींवर तर त्या द्राक्षांच्या घडासारख्या लटकायच्या. पोरगी बिचारी एकेक ओढून काढायची."

पोरगी म्हणजे तुम्ही. मग मी तुमचं पहिलं पत्र काढून वाचलं. मिठाच्या पाण्याचा डबा. इतकी वर्षं तुम्ही त्या वेचल्यात, वन्सं. कुठल्या झाडावरून वेचता हे बघतच नव्हता? झेंडूला वास, पिटुनियाला चिकट, डेलियाला कडू. वर संध्याकाळी पाणी आणि झोपायला फळ्या. एवढं बिनचूक चुकीचं कुणाला जमत नाही. ते ठरवून करावं लागतं.

मी इकडे मामंजींना गोगलगायींची निंदा ऐकवत होते, आणि म्हण मात्र तिकडे लागू पडत होती. गोगलगाय नि पोटात पाय. बाप नको असेल तर तसं म्हणायचं होतंत. एक ओळ लिहिली असती तर मी वाईट वाटून घेतलं असतं आणि दुसरा रस्ता शोधला असता. तुम्ही माझे तीन महिने त्या मातीत घातलेत, गोड बोलून.

आता ऐका. आमच्या कारखान्याच्या दारात जिरॅनियमची एक कुंडी आहे. तिथेही ओल आहे, तिथेही माग असतात, पण पानं अभंग. मी एक पान खुडून कामाच्या भिंगाखाली धरलं. पानभर बारीक केस. ज्याला केस, ज्याचं पान जाड, ज्याला तेलाचा वास, ते त्यांना गिळवत नाही. एवढीच गोम होती. मग जिरॅनियम, मध्ये लव्हेंडर, कडेला बिगोनिया. फळ्या जाळल्या, पाणी सकाळी. रोपं कळ्या धरलेलीच आणली, तुमच्या दादाची सायकल विकून. वाफा फुललाय. लाल, जांभळा, गुलाबी. भोक नाही एकाही पानाला.

मामंजींनी काल काठी टेकत बाहेर येऊन पाहिलं. "हं," म्हणाले. तोच होकार समजून मी त्यांचे कपडे काढून ठेवलेत. एकतीस तारखेला त्यांना तुमच्या घरी सोडते आणि तशीच पुढे जाते. घराचा पत्ता कळवा. ऑफिसचा नको.

वहिनी


२३ मे

वहिनी,

तुझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं. दुकान म्हणते, कारण ते ऑफिस नाही. कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान आहे, मी गल्ल्यापाशी बसते आणि कपड्यांना चिठ्ठ्या लावते.

घराचा पत्ता नाही, कारण घर नाही. नवऱ्याला सोडून दोन वर्षं झाली. बायकांच्या वसतिगृहात राहते, एका खोलीत तिघी. माझी म्हणावी अशी एक कॉट आणि कपाटाचा खालचा कप्पा. रिकामी खोली बाबांना मी तोंडभरून देऊन गेले, कारण असं म्हणतात आणि समोरचा "बघू" म्हणतो. तू खरं धरलंस. बाबांनीही खरं धरलं, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मला ठाऊक होतं त्या काय खातात. झोपेतसुद्धा सांगेन. वाफा फुलला असता तर बाबा बॅग घेऊन कुठे उतरले असते? माझ्या कॉटवर?

तू विचारशील, बापाला सांगायला काय झालं होतं. स्थळ बाबांनी स्वतः पारखून आणलं होतं. मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "आयुष्यभर वजनं तपासली, माझं माप चुकत नाही. मुलगा सोळा आणे आहे." तो मुलगा काय निघाला ते मी तुला लिहिणार नाही, पण पहिल्या वर्षात कळलं होतं. आठ वर्षं मी बाबांचं माप बरोबर ठेवलं. गेल्या वर्षी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी सगळं ठीक?" मी म्हटलं, "ठीक." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. परत जाताना बसमध्ये मला भडभडून आलं.

तुझं नुकसान मी डोळ्यांदेखत केलं. तुझं रडण्याचं पत्र वाचून मी कंद विकत घ्यायला गेले, यापेक्षा वाईट काय सांगू. मला क्षमा कर असं म्हणायला तोंड नाही. फक्त बाबांना सांगू नकोस.

वन्सं


३१ मे

वन्सं,

मी सांगितलं.

तुमचं पत्र आल्यावर चार दिवस ते माझ्या ब्लाउजच्या घडीत ठेवून फिरले. मालकांना हो म्हणायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. परवा त्यांनी मुख्य कारागिराची जागा दुसऱ्याला दिली. रागावले नाहीत, म्हणाले, "तुझ्या घरचं मी समजू शकतो." त्यावर मी घरी आले, ताट झाकलेलं होतं, आणि मी उभी राहून मामंजींना सांगितलं. वन्संना घर नाही. दोन वर्षं नाही.

ते म्हणाले, "माहीत आहे."

जावयाचा फोन आला होता, तुम्ही घर सोडलंत त्याच वेळी. तुमचं टपाल तिकडे येतं ते कुठे पाठवायचं विचारायला. खुर्चीत बसून त्यांनीच घेतला. मी विचारलं, "मग जाईन कशाला म्हणालात?" तर म्हणाले, "ती सांगेल म्हणून वाट बघत होतो. आपण होऊन विचारलं असतं तर तिला वाटलं असतं बाप हिशेब मागतोय. आणि गोगलगायी वेचल्याशिवाय तो वाफा कधी फुलला नव्हता. तुला वेचायला वेळ कुठला, म्हणून ती अट घातली."

कळलं का तुम्हाला? तुम्हाला तो वाफा फुलायला नको होता आणि त्यांनाही नको होता. तुम्ही त्यांचं माप सांभाळत होता, ते तुमची लाज सांभाळत होते. दोघं एकमेकांना झाकत होता, आणि पांघरूण माझं होतं. मी खिडकीखाली बसून रडले ते त्यांनी पाहिलं होतं. तुम्ही वाचलं होतं. आणि दोघांनीही मला आणखी एकदा रोपं लावू दिली.

मला राग आलाय. तुमच्या दोघांच्या प्रेमाचा मला राग आलाय, कारण त्यात मला कुणी धरलंच नव्हतं.

मालकांकडे काल पुन्हा गेले. नव्या शाखेतच दुसऱ्या यंत्रावर एक जागा आहे, पगार आत्ताएवढाच. घेतली. रविवारी सकाळच्या बसनं मी निघणार. मामंजींना सांगितलंय. ते म्हणाले, "मग मी?" मी म्हटलं, "तुमची मुलगी आहे, तिला बोलवा. फोन हाताशी आहे." फोन त्यांनी अजून उचललेला नाही. म्हणून मी लिहितेय, शेवटचं.

तुम्ही शनिवारपर्यंत या. मी धमकी देत नाही, उलट सांगते. तुम्ही आला नाहीत तर एकट्या म्हाताऱ्याला घरात सोडून गेटबाहेर पडणं मला जमेल असं वाटत नाही. मी बॅग परत वर नेईन, आणि एकदा नेली की या जन्मी पुन्हा खाली आणणार नाही. मला माझी खात्री नाही. म्हणून या.

वहिनी


८ जून

प्रिय वहिनी,

शनिवारी मी निघाले नाही. वसतिगृहाच्या पायरीवर बॅग घेऊन बसले, शेवटची बस गेली तरी बसून राहिले. रविवारी पहाटेची पहिली धरली. म्हटलं, उशीर झालाय, आता तिथे जाऊन तुझ्या पाया पडायचं, कारण तू गेली नसशील. तुझं पत्र वाचून मला तीच आशा होती. आता खोटं लिहीत नाही.

बसथांब्यावर उतरले तेव्हा समोरची गाडी सुटत होती. खिडकीत तू होतीस. मांडीवर पिशवी, मान ताठ, समोर बघत. मी हात वर केला, तुला दिसला नाही. माझी वाट न बघता तू निघाली होतीस. मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले आणि मला हसू येत होतं की रडू, कोण जाणे.

घराशी आले. दार नुसतं लोटलेलं. तू स्वयंपाक करून, पाणी हाताशी ठेवून, शेजारणीला सांगून गेली होतीस हे मला नंतर कळलं. बाबांची पाठ माझ्याकडे होती. दार ढकलताना कडी वाजली तसे ते म्हणाले, "परत आलीस?"

वहिनी, ते कुणाला विचारत होते मला माहीत नाही. मी "हो" म्हणाले. मग ते वळले आणि माझ्याकडे बघत राहिले. माझ्या बॅगेकडेही पाहिलं. खुर्चीतून उठायला त्यांना बराच वेळ लागला, मी मदत करायला गेले तर हातानं थांबवलं. स्वतः चालत गेले आणि टेबलावर दोन ताटं मांडली.

मग आम्ही जेवलो. तू केलेलंच होतं.

तुझी,
वन्सं